परतीची तारीख

६ जानेवारी

बाईंना किल्लीदाराचा नमस्कार.

पत्र पोचलं की दोन ओळी टाका. जास्त नकोत, दोनच. मागचं पत्र तुम्हाला मिळालं की वाटेत कुठल्या पोत्याखाली दबलं, हे मला अजून कळलेलं नाही. मुलगी म्हणते, "बाबा, फोन करा की सरळ." पण छापखान्याच्या मशीनने माझे कान असे नेलेत की फोनवर नुसती घरघर ऐकू येते. मागे तुम्ही फोन केलात तेव्हा मी सगळ्यालाच "हो, हो" म्हणत राहिलो आणि मग कशाकशाला हो म्हटलं असेल, या विचाराने जेवण गेलं नाही.

लिहिण्याचं कारण म्हणजे शाखेची खोली जाणार. जागामालकाला ती परत हवी आहे. नव्या चिटणीसांनी नोटीस लावली आहे की मार्चअखेर वार्षिक सभा होईल आणि त्यानंतर खोली रिकामी करायची. चिटणीस माणूस वाईट नाही. कपाट स्वतः उचलू लागतो. पण त्याला घाई फार. म्हणतो, पत्रकारांची संघटना चालवायला आता खोली लागत नाही, सगळं फोनवर होतं. कंत्राटी बातमीदारांचा अपघात विमा, मालकांना द्यायची पत्रं, सगळं. असेल बुवा. पण भिंतीवरचा फळा फोनवर कसा लावणार?

फळा काढून ठेवायचा आहे. ज्याची त्याने आपल्या नावाची पाटी घेऊन जावी, असं ठरतंय. आणि जे सभासद दोन वर्षांत खोलीत फिरकले नाहीत त्यांची नोंद बंद करायची, असा ठराव येणार आहे. बाई, म्हणजे तुमची.

तुमची पाटी अजून 'बाहेर'च आहे. तुमचा मुलगा तुम्हाला न्यायला आला तेव्हा तुम्ही जिन्यावरून परत वर आलात, स्वतःच्या हाताने पाटी लाल बाजूला फिरवलीत आणि खाली खडूने परतीची तारीख लिहिलीत, दहा एप्रिल. म्हणालात, "दोन महिने, किल्लीदार. नातीला बघते आणि येते." ज्याची पाटी त्यानेच फिरवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा शाखेचा रिवाज, म्हणून मी ती फक्त पुसतो. खडू पुसट झाला की तुमच्याच अक्षरावरून गिरवतो. एवढं चालतं ना? तुम्ही काही म्हणणार असाल तर आत्ताच सांगा.

सभेला या. येऊन पाटी आत करा, मग नोंद बंद करायची कोणाची छाती होणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, काही चुकलं असेल तर दुरुस्त करून वाचा. दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्यात तुमचा जन्म गेला आहे.

किल्लीदार


१९ जानेवारी

अहो किल्लीदार,

ह्या दोन ओळींपेक्षा जास्त आहेत, रागावू नका.

पत्र पोचलं. मागचंही पोचलं होतं. उत्तर लिहायचं राहिलं, कारण इथे दिवस कुठे जातो तेच कळत नाही. खरं तर तो कुठेच जात नाही, माझ्यासारखाच बसून असतो. नववा मजला. खिडकीतून बघावं तर समोर दुसऱ्या कोणाची तरी खिडकी, आणि तिथलीही म्हातारी माझ्याकडेच बघत असते. आमची अजून ओळख झालेली नाही. सून कामावर, मुलगा कामावर, नात शाळेत. सगळे चांगले आहेत हो. चांगल्या माणसांबद्दल तक्रार कशी करायची, हे तुम्हीच शिकवा. तुमचा हात कोण धरणार त्यात!

अक्षर वाकडं आलं आहे. टेबलाचा एक पाय डगमगतो, त्यामुळे ओळी घसरतात.

खोली जाणार हे वाचून कसंसंच झालं. खिडकीखालच्या आपल्या त्या दोन खुर्च्यांचं काय करणार? संध्याकाळी तुम्ही चहा घेऊन बसायचात आणि मी तुमच्या डाव्या कानाशी अख्खा पेपर मोठ्याने वाचायचे, छोट्या जाहिरातींसकट. "सायकल विकणे आहे" आलं की तुम्ही म्हणायचात, "का विकतोय बिचारा?" आणि पुढची सगळी संध्याकाळ त्या न पाहिलेल्या माणसाची काळजी. मी सांगायचे, "अहो, त्याने स्कूटर घेतली असेल." पण तुम्ही कुठले ऐकताय! आता पेपर कोण वाचून दाखवतं?

चिटणीसाला सांगा, ठिणगी येतेय म्हणावं. शाखेने माझं नाव उगाच नाही ठेवलं. थंडी सरली, खोकला गेला की निघते. सभेआधी नक्की.

ठिणगी


२ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

तुम्ही येणार हे वाचून मी आधी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याला सांगितलं, मग वर येऊन खिडकी पुसली. तिच्यातून आता समोरच्या बँकेची पाटी दिसते. पूर्वी धुळीमुळे ती दिसत नव्हती आणि तेच बरं होतं.

सभा चोवीस मार्चला, रविवारी सकाळी दहाला. तुम्ही आदल्या दिवशी या. उतरायला आमचं घर आहे. मुलीने तिची खोली द्यायचं कबूल केलं आहे, जावई म्हणाले मी बाहेर झोपेन. गाडीत खिडकीजवळ बसू नका, वारा लागतो. दाराजवळही नको, लोक पाय देतात. मधल्या जागेवर बसलात तर दोन्ही बाजूंनी माणसं येतात, तेही मला पटत नाही. काय करावं सुचत नाही. मुलाला म्हणावं, कुठली जागा बरी ते बघ.

पाकिटात पुठ्ठ्याचा तुकडा घातला आहे. टेबलाच्या पायाखाली घाला. जाड वाटला तर एक पदर सोलून काढा, त्याचे पदर सुटतात. दुसरं असेल तर पेनही बदला, मागच्या पत्रात दोन शब्द एकाच जागी आले होते.

पेपर माझा मीच वाचतो. मोठ्याने, म्हणजे मला ऐकू येईल असा. झेरॉक्सवाला खालून ओरडतो, "किल्लीदार, बातमी संपली का? गिऱ्हाईक घाबरतंय!" एक पान व्हायला चहा गार होतो. जोडाक्षर आलं की मी थांबतो आणि तुमच्या खुर्चीकडे बघतो.

एक पोरगी येते अधूनमधून. एका वेब पोर्टलची बातमीदार आहे, कंत्राटावर. ऑफिस नाही, टेबल नाही, स्कूटर आणि फोन एवढंच. फोन चार्ज करायला वर येते म्हणून शाखेने तिचं नाव चार्जर ठेवलं आहे. परवा तिने फळा बघून विचारलं, "काका, ही टोपणनावं कोणाची? आणि आत-बाहेर काय?" मी सांगितलं की कामावर लांब कुठे जाताना पाटी 'बाहेर' करायची, खाली परतीची तारीख लिहायची आणि आल्यावर 'आत' करायची. तिने फळ्यावरची नावं वाचली. मग म्हणाली, "मी कुठे जाते ते माझ्या आईलाही माहीत नसतं." तिच्यासाठी चहा आणायला गेलो आणि येईपर्यंत ती गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. कुठे गेली असेल?

लवकर लिहा. गाडीचं तिकीट काढल्यावर लिहा आणि काढण्याआधीही लिहा.

किल्लीदार


२७ फेब्रुवारी

किल्लीदार,

पुठ्ठा मिळाला. एक पदर सोलावा लागला. टेबल आता नीट आहे.

माझं येणं होत नाही. मुलगा म्हणतो, आई, एकटी नको जाऊस, आणि त्याला रजा नाही. सुनेनेही दोनदा तिकिटाचं बघितलं, पण काही ना काही निघालंच. कधी नातीची परीक्षा, कधी तिचा ताप. मीही जोर केला नाही. कधीकधी माणूस निघायलाच घाबरतो. तुम्ही नाही का, खोलीला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघता. तसंच काहीसं माझं झालं आहे म्हणा.

पाटी चिटणीसाला काढू द्या. लाकूड चांगलं आहे, कागदावर वजन म्हणून ठेवा. माझी नोंद बंद झाली तर आभाळ कोसळणार नाही. लिहीत नाही, हिंडत नाही, मी कसली पत्रकार आता!

गंमत सांगते. तो फळ्याचा रिवाज माझ्याच ठरावाने सुरू झाला, आठवतं का? आपला तो उंच फोटोग्राफर, ज्याला सगळे शिडी म्हणायचे, दगडाच्या खाणीचे फोटो काढायला गेला आणि पाय मोडून खड्ड्यात पडून राहिला. आणि आपण सगळे म्हणत होतो, सासुरवाडीला गेला असेल, मजा आहे लेकाची! शेवटी गुराख्याने त्याला शोधलं. शाखेतल्या एकाही माणसाने नाही. मला त्याची एवढी लाज वाटली की पुढच्याच सभेत उभी राहिले. तेव्हा नवीन होते. ठराव असा होता: बाहेर जाणाऱ्याने परतीची तारीख लिहावी, आणि ती टळली तर शाखेने माणूस पाठवून त्याचा शोध घ्यावा. एकमताने मंजूर.

तर किल्लीदार, आमची तारीख टळून दोन वर्षं होत आली. शाखेचं शोधपथक कुठे अडकलं म्हणायचं? वाटेत चहाला थांबलं का?

हे हसायला लिहिलं आहे हो. तुम्ही लगेच मनाला लावून घ्याल, म्हणून आधीच सांगते.

ठिणगी


५ मार्च

बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र जावयाकडून वाचून घ्यावं लागलं, कारण ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. जावई म्हणाले, चालत्या गाडीत लिहिलंय का? टेबल नीट झालं असं तुम्ही लिहिलं आहे. मग असं कसं?

शोधायला जायचं असतं, हे मी साफ विसरलो होतो. पाटी पुसत होतो, खडू गिरवत होतो, आणि पुढचं डोक्यातच आलं नाही. शिडीनंतर कोणाची तारीख टळलीच नाही कधी. तुम्ही सगळे वेळेवर यायचात. उशीर झाला तर निरोप यायचा.

तो ठराव अजून चालू आहे का? मोडला असेल तर कधी मोडला? तुम्हाला बरं आहे ना? खरं लिहा.

किल्लीदार


१४ मार्च

बाईंना नमस्कार.

उत्तर आलं नाही. पोस्टात जाऊन विचारलं. पोस्टमन म्हणाला, "आजोबा, आलं की आणून देतो, रोज कशाला येता?" मी रोज जात नाही. रविवारची सुट्टी होती.

किल्लीदार


२५ मार्च

बाईंना नमस्कार.

काल सभा झाली. तुमचं पत्र नाहीच, म्हणून मीच सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे मी दारात उभा राहिलो की तुम्ही दचकणार नाही. हो, मी येतोय. का ते खाली आहे. आधी तेवढं वाचून घाबरू नका, क्रमाने वाचा.

जुनी मंडळी कमीच होती. अध्यक्ष पहिल्या खुर्चीत बसले आणि नेहमीसारखे झोपले. चार्जरसारखी चार-पाच तरुण मुलंमुली मागे उभी होती. मी झेरॉक्सवाल्याला शेजारी घेऊन बसलो. समोरच्याचं तोंड दिसलं की मला बरंचसं कळतं, बाकीचं तो कानात ओरडतो. त्यामुळे काल जे मला सांगितलं गेलं ते सगळ्या सभेनेही ऐकलं.

विम्याचं झालं. कंत्राटावरच्यांनाही सभासद करायचं ठरलं, त्यावर बरीच वादावादी झाली पण झालं. मग चिटणीसांनी खोलीचा आणि नोंदी बंद करायचा ठराव वाचला आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" मी हात वर केला. मी सभासद नाही, खोलीची किल्ली सांभाळणारा माणूस. इतक्या वर्षांत सभेत कधी बोललो नाही. चिटणीस म्हणाले, "बोला किल्लीदार, चहाचं आहे का?" सगळे हसले. मीही हसलो, कारण उभं राहिल्यावर काय बोलायचं होतं तेच गेलं.

मग फळा दिसला आणि आठवलं. म्हटलं, "ठिणगीबाईंची तारीख टळलीय."

मी फार मोठ्याने बोललो असणार, कारण अध्यक्ष जागे झाले.

चिटणीस समजुतीने म्हणाले, "अहो, त्या मुलाकडे राहायला गेल्यात. हरवलेल्या थोड्याच आहेत?"

मी म्हटलं, "शिडी पण हरवला नव्हता. सासुरवाडीला गेला होता."

तरुणांना शिडी कोण ते माहीत नव्हतं, तर अध्यक्षांनी बसल्या जागेवरून सगळी हकीकत सांगितली, खाण, गुराखी, तुमचा ठराव. त्यांना इतकं पाठ असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी पहिला हात वर केला होता. तो ठराव कोणी मोडल्याचं मला आठवत नाही. का मी झोपेत असताना मोडलात?"

तेवढ्यात मागून चार्जर बोलायला लागली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, झेरॉक्सवाला सांगत गेला. ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात मी नदीपलीकडे वाळूवाल्यांची बातमी करायला एकटी गेले होते. फोन बंद पडला. परत येताना मनात आलं, मी आले नाही तर कोणाला कळेल? तुम्ही फळा काढताय. मला तर पाटी हवीय." आणि मग बाकीचीही बोलायला लागली, "मला पण, मला पण." बाई, शाळेत खाऊ वाटताना करतात तसं.

चिटणीसांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ठराव मोडलेला नाही, म्हणजे लागू आहे. ठिणगीबाईंची नोंद शोध घेऊन झाल्याशिवाय बंद करता येणार नाही. फळा खाली झेरॉक्सच्या दुकानात लावू, तिथून सगळ्यांचीच जा-ये असते. आता शोधायला कोण जातंय?"

बाई, सगळ्यांना एकदम कामं आठवली. जो तो फोनमध्ये बघायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "किल्लीदार जाईल. दुसऱ्या कोणाला तिथे जाऊन काय बघायचं ते कळणार नाही."

मी म्हटलं, "मी कसा जाणार? मी कधी एकटा गाडीत बसलेलो नाही. आणि मला पाटी नाही. पाटीशिवाय बाहेर जायचं नाही असं तुमचंच आहे."

चार्जरने झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर मोठ्या अक्षरात किल्लीदार लिहिलं, एका बाजूला आत, दुसऱ्या बाजूला बाहेर, आणि खिळ्याला अडकवला. मग सगळे माझ्याकडे बघत राहिले, कारण ज्याची पाटी त्यानेच फिरवायची. मी फिरवली. इतकी वर्षं मी त्या फळ्यासमोर झाडू घेऊन उभा राहिलो, पण पाटी कधी फिरवली नव्हती.

तारीख लिहिली आहे, सात एप्रिल. चार एप्रिलच्या सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळी पोचेन. मुलगी रोज सांगते, "बाबा, स्टेशन आलं की उतरा, स्टेशन येण्याआधी नाही." तुमची पाटी बरोबर आणतो. चिटणीसांनी परवानगी दिली. तिथेच स्वतःच्या हाताने आत करा, म्हणजे झालं.

मी आलो आणि तुम्ही बाहेर कुठे गेला असाल तर शेजारी निरोप ठेवा.

किल्लीदार


१६ एप्रिल

अहो किल्लीदार,

हे अक्षर नातीचं, बोलते मी. ती म्हणते, आजी, हळू बोल, माझा हात दुखतो. तुम्हाला आता सगळं माहीतच आहे, म्हणून लपवायचं काही उरलं नाही.

तुम्ही वेळेवर पोचून पाटी आत केलीत ना? झेरॉक्सवाल्याचा फोन आला होता, तरी तुमच्याकडून हवं.

तुम्ही आलात तो दिवस मी रोज थोडा थोडा आठवते, एकदम सगळा नाही, नाहीतर संपेल. तुमची मार्चमधली पत्रं मी कोणाकडून वाचून घेतलीच नव्हती. खालून रखवालदाराचा फोन आला आणि सून घाबरून म्हणाली, "आई, खाली कोणी आजोबा आलेत. म्हणतात, मी शोधपथक आहे." मी इतकी हसले की नात धावत आली. मग हसणं थांबेना आणि वेगळंच काहीतरी सुरू झालं, तेव्हा ती जास्त घाबरली.

तुम्ही पिशवी पोटाशी धरून बसलात. चहा घ्या म्हटलं तर, "आधी काम." पण काम काढायच्या आधी तुम्ही खाली वाकलात. काय करताय हे मला कळेना. टेबलाचा पाय धरून हलवून बघत होतात. एक, मग दुसरा, चारही. टेबल घट्ट होतं, किल्लीदार. ते पहिल्यापासून घट्टच होतं. तुमचा पुठ्ठा माझ्या उशीखाली आहे.

मग तुम्ही टेबलाखालून वर आलात. कप माझ्या हाताला लागेल असा सरकवलात, बस. एवढी काळजी करणारा माणूस, मला वाटलं आता प्रश्नांचा भडिमार होणार. कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, मला का नाही कळवलंत? एकही नाही. कळवलं नाही, कारण कागदावर लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. डोळे गेल्यावर ठिणगीत उरतं काय? मुलाला वाटतं मी पडेन. त्याचं चुकत नाही. मी पडते.

मग रुमालातून पाटी काढून माझ्या हातात दिलीत. कोरलेलं नाव बोटाला लागलं. तुम्ही म्हणालात, "फिरवा, बाई." मी नुसती धरून बसले. तुम्हाला वाईट वाटलं, मला कळलं. दिसत नसलं तरी तेवढं कळतं.

आणि निघायच्या दिवशी तुम्ही पेपर वाचलात. माझ्या कानाशी, तुमच्या त्या आवाजात. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली, तरी चालूच. जोडाक्षर आलं की थांबत होतात आणि मी सांगत होते. आगीची बातमी संपेपर्यंत काय काय जळालं असेल याची मला काळजी लागली होती, तुमच्यासारखीच. "शिलाई मशीन विकणे आहे," एवढं वाचून आपण दोघंही एकदम म्हणालो, का विकतेय बिचारी? अग्रलेख अर्धा राहिला आणि तुमच्या गाडीची वेळ झाली. तो पेपर मी टाकू दिलेला नाही. सून विचारते, आई, हा शिळा पेपर कशाला? मी म्हणते, माझा वाचून व्हायचाय.

पाटी फिरवली नाही, त्याचं कारण सांगते. तेव्हा तुमच्या तोंडावर बोलवलं नाही. आत केली असती तर शोध संपला, ठराव संपला, शाखेचं काम संपलं. मग कोणी इथे का येईल? 'बाहेर' असलेल्या माणसाला शोधायला यावं लागतं. हा नियम मीच केलेला आहे आणि त्यात पळवाट कुठे आहे ते मलाच माहीत.

तेव्हा पाटी फळ्यावर लावा, लाल बाजूने. खालची जुनी तारीख पुसा, ती गिरवत बसू नका. नवीन लिहा. तारीख दुसऱ्याच्या हाताने लिहू नये, असं ठरावात कुठेही नाही.

जवळची लिहा.

ठिणगी


२२ एप्रिल

बाईंना नमस्कार. नातीलाही, तिचं अक्षर फार सुबक आहे, ओळी एकमेकींना कुठेच लागत नाहीत.

मी सात तारखेला पोचलो. एक स्टेशन आधी उतरलो होतो, पण तिथून बस मिळाली. पाटी वेळेत आत केली.

खोलीची किल्ली परवा मालकाला दिली. खिसा हलका लागतो, सारखा हात जातो. दोन खुर्च्या झेरॉक्सवाल्याने ठेवून घेतल्या. फळाही तिथेच लावला आहे, मशीनच्या वर. आता त्यावर नवीन सहा पाट्या आहेत. चार्जर आज नदीपलीकडे गेली आहे, संध्याकाळ लिहिली आहे. मी ती येईपर्यंत बसतो. येते वेळेवर. आली की पाटी फिरवते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "आले हो काका, आता जेवा."

तुमची तारीख लिहिली. एक मे. झेरॉक्सवाला म्हणाला, "किल्लीदार, आठवडाभरात कशा येतील त्या?" मी म्हटलं, तू कागद मोज.

सकाळी दुकान उघडलं की आधी तुमच्या पाटीकडे बघतो. या फळ्यासमोर माझं सगळं आयुष्य एकाच काळजीत गेलं, कोणाची तारीख टळू नये. आता पहिल्यांदाच एक तारीख टळायची वाट बघतोय.

अर्धा अग्रलेख जपून ठेवा.

किल्लीदार